वेलँडला ओसी मिळाली का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली आणि आमच्या डोंबिवलीच्या काकांचा लॅपटॉप एका रात्रीत म्हातारा ठरला. विंडोज ११ त्यावर चढेना. ‘नवीन घ्या’ हा सल्ला काकांनी आजवर कुठल्याच वस्तूबद्दल ऐकून घेतलेला नाही. तेव्हा एका रविवारी जाऊन मी त्यावर उबुंटू २४.०४, म्हणजे विंडोजऐवजी चालणारं एक लिनक्स, टाकून दिलं, चहा घेतला आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी फोन. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात दातेरी चाकाचं चिन्ह असतं, ते त्यांनी दाबून पाहिलं होतं.

“अरे, इथे दोन दिसतायत. एक नुसतं उबुंटू आणि दुसरं उबुंटू ऑन झॉर्ग. हा झॉर्ग कोण?”

झॉर्ग म्हणजे एक्स.ऑर्ग, थोडक्यात एक्स: पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सची जुनी यंत्रणा. तिची जागा घेणारी नवी व्यवस्था म्हणजे वेलँड. काकांचा प्रश्न बरोबर वेळेवर आला होता, कारण हे ‘दोन दिसतायत’ प्रकरण आता संपत आलंय. लिनक्सवर डेस्कटॉप पुरवणाऱ्या ग्नोमने सप्टेंबर २०२५ मधल्या ४९ व्या आवृत्तीत जुन्या एक्सचं सेशन, म्हणजे एक्सवर लॉगिन करायची सोय, मुळातच बंद ठेवली. त्यापाठोपाठच्या उबुंटू २५.१० आणि फेडोरा ४३ या दुसऱ्या लिनक्समध्ये ग्नोम वापरणाऱ्यांना फक्त वेलँड मिळतं. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांनीही नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की त्यांच्या प्लाझ्मा ६.८ पासून त्यांच्याकडेही एक्सचं सेशन नसेल. तिकडे इंटरनेटवर मात्र अजून दोन तट आहेत. एक म्हणतो वेलँड कच्चं आहे, दुसरा म्हणतो एक्स कधीच मेलंय. नुकताच लिनक्सकडे वळलेला माणूस हे वाचतो आणि त्याला कळत नाही, की ही भांडणं नक्की कशावरून चालली आहेत.

मला हे सगळं आपल्याकडच्या रिडेव्हलपमेंटसारखं वाटतं. जुनी चाळ, नवा टॉवर, काही भाडेकरू राहायला गेलेले, काही अजून हटून बसलेले, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच सवाल: ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, आली का?

काचेवर चित्र आणतं कोण?

समजा ब्राउझर, हिशोबाची शीट आणि गाण्यांचा प्लेअर एकाच वेळी उघडे आहेत. या तिघांना आपापल्या खिडकीपलीकडचं काही ठाऊक नसतं, पण काच तर एकच आहे. कुणाची खिडकी वर, कुणाची खाली, माउसची टिचकी कुणाची, दाबलेली कळ कुणाला पोचवायची, हे ठरवायला मध्ये कुणीतरी लागतं. त्याला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. विंडोज आणि मॅकमध्येही तो असतोच. तिथे कंपनी परस्पर बदल करते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. लिनक्सचा कारभार उघड्यावर चालतो, म्हणून बदलही उघड्यावर आणि भांडणंही उघड्यावर.

लिनक्सवर अनेक दशकं हे काम एक्स करत आला. ट्विटरवाला नव्हे, त्याच्या कितीतरी आधीचा. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी तो लिहायला घेतला. त्याआधी डब्ल्यू नावाची प्रणाली होती, म्हणून पुढचं अक्षर एक्स. १९८७ मध्ये त्याची अकरावी आवृत्ती आली आणि तिच्या मूळ आराखड्यावरच आजपर्यंत काम चाललंय. म्हणून त्याला एक्स-इलेव्हनही म्हणतात.

पेंटर आणि फ्लेक्स

एक्स जन्मला तेव्हा प्रोग्रॅम स्वतः चित्र काढत नसे. तो एक्सला सांगे: इथून इथवर रेघ ओढ, इथे ‘अ’ लिही, हा चौकोन राखाडी भर. दुकानदाराने पाटी रंगवायला पेंटर बोलवावा, तसं. नुसत्या सूचनाच पाठवायच्या असल्याने दुकानदार एका गावात आणि पेंटर दुसऱ्या गावात असला तरी चालायचं. एमआयटीत नेमकी हीच गरज होती. प्रोग्रॅम एका यंत्रावर चालावा आणि त्याची खिडकी कॅम्पसवरच्या दुसऱ्या यंत्रावर उघडावी.

मग फ्लेक्स आला. ग्राफिक्स कार्डं ताकदवान झाली, तसे प्रोग्रॅम आपली खिडकी आपणच रंगवू लागले. अक्षरं, सावल्या, गोल कोपरे, सगळं तयार करून अख्खं चित्रच हातात द्यायचं. पुढे ती सगळी चित्रं एकावर एक रचून अंतिम पडदा तयार करणारा आणखी एक जण आला, त्याचं नाव कंपोझिटर. आता चित्र दुकानदाराकडून छापून येतं, लावतो कंत्राटदार, आणि पेंटर मध्ये उभा राहून दोघांचे निरोप पोचवतोय. त्याच्या हातात ब्रश आहे, पण रंगवायला फारसं काही उरलेलं नाही.

निरोप्या मध्ये आला की निरोप उशिरा पोचतो. जुन्या एक्सवर व्हिडिओ बघताना पळणाऱ्या माणसाचं डोकं आणि धड क्षणभर वेगळ्या जागी दिसतं, ते बऱ्याचदा यामुळेच. वरच्या अर्ध्या पडद्यावर नवं चित्र, खालच्या अर्ध्यावर जुनं.

चाळीची गॅलरी

दिरंगाई एकवेळ चालवून घेता येते. दुसरी गोष्ट मला स्वतःला जास्त खटकते.

एक्सच्या सेशनमध्ये एक प्रयोग करून बघा. एक्सइनपुट नावाची छोटी कमांड आहे. टर्मिनलमध्ये तिला कीबोर्डवर नजर ठेवायला सांगा, मग ब्राउझरमध्ये जाऊन बँकेच्या पानावर काहीतरी टाइप करा. खरा पासवर्ड नको, ‘एएसडी’ चालेल. बाजूच्या टर्मिनलमध्ये ३८, ३९, ४० असे आकडे सरकताना दिसतील. प्रत्येक आकडा म्हणजे एक कळ. ना तुम्हाला कुणी विचारलं, ना अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागला. एखाद्या फुटकळ गेमनेही मागे बसून हेच केलं असतं, तर एक्सने त्याला अडवलं नसतं.

यात चूक कुणाची म्हणावी, तर कुणाचीच नाही. १९८४ मध्ये एका माणसाने चालवलेले सगळे प्रोग्रॅम एकमेकांच्या विश्वासातले, असं धरून चाललं होतं. चाळीत दारं उघडी असतात तसं. गॅलरीतून जाता-येता सगळ्यांना सगळं दिसतं, तिसऱ्या खोलीत काय शिजतंय ते पहिल्या खोलीत कळतं. त्याची सोयही असते. वाटीभर साखर हवी तर हाक मारली की काम झालं. लिनक्सवरची किती तरी उपयोगी साधनं याच उघड्या गॅलरीवर वाढली: स्क्रीनशॉट घेणारी, कुठल्याही खिडकीत असताना चालणारे शॉर्टकट पुरवणारी, दुसऱ्याची खिडकी हलवणारी, पडदा लांबच्या माणसाला दाखवणारी.

हा मुद्दा लक्षात ठेवा. वेलँडच्या बहुतेक तक्रारी फिरून याच गॅलरीशी येतात.

मग वेलँड म्हणजे नेमकं काय?

२००८ मध्ये रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीत काम करणाऱ्या क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी याची सुरुवात केली. मॅसॅच्युसेट्समधल्या वेलँड नावाच्या गावातून गाडीने जाताना कल्पना डोक्यात पक्की झाली, म्हणून नाव ते. कल्पना साधी होती: पेंटरला नारळ द्यायचा. प्रोग्रॅमने आपलं चित्र थेट कंपोझिटरकडे द्यावं, कंपोझिटरने ती रचून पडद्यावर लावावीत, आणि कळ किंवा टिचकी ज्याची असेल त्यालाच द्यावी. शेजारच्या खिडकीला ती ऐकूसुद्धा जाणार नाही. आणखी एक दंडक: अर्धवट चित्र पडद्यावर कधीच जाऊ द्यायचं नाही.

इथे बरेच जण गोंधळतात. एक्स.ऑर्ग हा एक प्रोग्रॅम होता, सगळ्या डेस्कटॉपांना मिळून एकच. वेलँड ही मुख्यतः नियमावली आहे: कुणी कुणाशी कसं बोलायचं, याची. बांधकाम प्रत्येकाने आपापलं करायचं. ग्नोमचा कंपोझिटर मटर, केडीईचा केविन, स्वे वगैरे छोट्या डेस्कटॉपांचा पाया वेगळा. बांधकामाचे नियम शहरभर तेच, पण बिल्डर निरनिराळे. म्हणून ‘वेलँडवर हे चालतं का?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं. केडीईवर चालतं, ग्नोमवर नाही, असं सर्रास होतं. फोरमवरची निम्मी भांडणं ही एका टॉवरच्या रहिवाशाने दुसऱ्या टॉवरच्या लिफ्टला नावं ठेवण्यासारखी आहेत.

चांगली उभी असलेली चाळ पाडायची कशाला?

हा आक्षेप प्रामाणिक आहे. माझ्याही एका जुन्या यंत्रावर एक्स मुकाट चालतोय आणि मी त्याला हात लावलेला नाही.

पण चाळ पाडा म्हणणारे बाहेरचे नव्हेत. वेलँडवर काम करणारी बरीच मंडळी एक्सचीच जुनी कारागीर आहेत. त्यांच्यातल्या डॅनियल स्टोन यांनी २०१३ च्या लिनक्स.कॉन्फ.एयू परिषदेत एक्सच्या पोटात काय काय साठलंय, ते तपशीलवार उलगडून सांगितलं होतं. भिंती कुठे पोकळ आहेत हे ज्यांनी वर्षानुवर्षं गिलावा केला त्यांना माहीत असणारच. जानेवारी २०१४ मध्ये एक्सच्या फॉन्ट वाचणाऱ्या भागात एक सुरक्षेची चूक सापडली. ती १९९१ पासून तिथे होती. बावीस वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती.

रोजच्या वापरातली अडचण वेगळी. आता लॅपटॉपचा पडदा अतिबारीक ठिपक्यांचा असतो आणि शेजारी ऑफिसने दिलेला जुना मॉनिटर. एक्सच्या लेखी हे दोन्ही मिळून एकच मोठा कागद. एकावर अक्षरं नीट केली, की दुसऱ्यावर ती मुंगीएवढी नाहीतर पाटीएवढी होतात. वेलँडमध्ये प्रत्येक पडद्याचं माप आणि वेग स्वतंत्र. दीडपट मोठं करण्यासारखी अपूर्णांकातली मापं नीट सांगण्याचा नियम मात्र २०२२ च्या अखेरीस आला. लवकर म्हणता येणार नाही.

एक्स चालू ठेवायला कुणी तयार नाही, असंही नाही. जून २०२५ मध्ये एक्सलिब्रे नावाचा एक फाटा निघालाय. कोड सगळ्यांना खुला असल्याचा तो फायदाच. पण मोठी दुकानं दुसरीकडे गेली आहेत. मे २०२५ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून एक्स.ऑर्गचा सर्व्हर काढूनच टाकला.

मग इतकी वर्षं का लागली?

२००८ ते २०२५. आपल्याकडच्या बिल्डरांनाही लाजवील असा कालावधी. नियमावलीची १.० आवृत्ती ऑक्टोबर २०१२ ला आली. फेडोराने नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या २५ व्या आवृत्तीत वेलँड मुख्य केलं. उबुंटूने आधी २०१३ मध्ये मिर नावाचा स्वतःचा वेगळा घाट घातला, २०१७ मध्ये तो डेस्कटॉपपुरता गुंडाळला, त्याच वर्षी १७.१० मध्ये वेलँडवर आले, आणि सहा महिन्यांनी १८.०४ मध्ये परत एक्सवर गेले. कारणं तीन दिली: स्क्रीन शेअर नीट होत नाही, लांबून यंत्र चालवता येत नाही, आणि डेस्कटॉप कोसळला तर चालू असलेलं सगळं काम घेऊन कोसळतो. कारणं खरी होती. उबुंटूवर वेलँड पुन्हा मुख्य झालं ते २०२१ मध्ये, आणि तेही एनव्हिडिया कंपनीची ग्राफिक्स कार्डं वगळून.

एनव्हिडियाचं प्रकरण जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण ‘वेलँड चालत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या यंत्रात हेच कार्ड असतं. चित्र कार्डाच्या मेमरीत ठेवून त्याचा ताबा दुसऱ्याकडे द्यायची एक रीत बाकी सगळ्यांनी स्वीकारली होती. एनव्हिडियाने आपली वेगळी रीत पुढे केली. मग प्रत्येक कंपोझिटरने दोन्ही रीती सांभाळायच्या की कसं, यावर वर्षं गेली. ऑक्टोबर २०२१ च्या ४९५ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून (ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) एनव्हिडियानेही सगळ्यांची रीत घेतली. तरी खिडक्या लुकलुकायच्या, टाइप केलेलं अक्षर क्षणभर मागे जाऊन परत यायचं. कारण खानावळीतलं आहे: स्वयंपाकी म्हणजे कार्ड, वाढपी म्हणजे कंपोझिटर. वाढप्याने ताट उचललं तेव्हा आमटी ओतून झाली होती का? बाकी कार्डांचे ड्रायव्हर ही काळजी आतल्या आत घ्यायचे, एनव्हिडियाचा घेत नसे. मग अर्धं वाढलेलं ताट गिऱ्हाईकापुढे. यावर तोडगा म्हणजे स्वयंपाक्याने ‘झालं’ म्हणून घंटी वाजवायची आणि तोवर वाढप्याने ताटाला हात लावायचा नाही. ही घंटी वाजवायचा नियम वेलँडमध्ये मार्च २०२४ ला मंजूर झाला आणि एनव्हिडियाचा ५५५ क्रमांकाचा ड्रायव्हर ती वाजवू लागला. तेव्हापासून या तक्रारी बऱ्याच ओसरल्या. पण ज्यांचं कार्ड इतकं जुनं आहे, की ४७० च्या पुढचा ड्रायव्हरच मिळत नाही, त्यांच्यापर्यंत ही सुधारणा पोचलेली नाही. विंडोज १० वरून आलेल्या जुन्या गेमिंग लॅपटॉपांत अशी कार्डं सापडतात. त्यांनी एक्सवरच राहावं, असं मी बिनदिक्कत सांगतो.

उशिराचं दुसरं कारण सोसायटीच्या एजीएमचं आहे. गॅलरी बंद केल्यावर प्रत्येक सोयीसाठी भिंतीत नवी खिडकी पाडावी लागते, आणि ती कुठे, केवढी, कोणत्या बाजूला उघडणारी, यावर सगळ्या बिल्डरांचं एकमत लागतं. छायाचित्रकारांना आणि एचडीआर पडदेवाल्यांना हवा असलेला रंगांचा नियम फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर झाला. चर्चा सुरू होऊन पाचेक वर्षं झाली होती. नियम चांगला झाला असं जाणकार म्हणतात. पाच वर्षं वाट बघणाऱ्याला त्याचं काय कौतुक, हेही खरं.

माझे जुने प्रोग्रॅम चालतील?

बहुतेक सगळे. टॉवरमध्ये जुन्या चाळीची एक खोली जशीच्या तशी उचलून ठेवली आहे, तिचं नाव एक्सवेलँड. ज्या प्रोग्रॅमना फक्त एक्सची भाषा येते, ते तिथे राहतात. त्यांना वाटतं आपण अजून चाळीतच आहोत. वेलँडला तो सगळा बाडबिस्तरा म्हणजे आणखी काही खिडक्या, एवढंच.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक्सआइज नावाचा जुना खेळ टाकून बघा. पडद्यावर दोन मोठे डोळे उघडतात आणि माउस जिकडे जाईल तिकडे बुबुळं फिरतात. एक्सवर पडद्याच्या कुठल्याही कोपऱ्यात माउस न्या, नजर मागे येते. आता वेलँडमध्ये तोच खेळ लावा. माउस फाइलींच्या खिडकीवर नेला, की बुबुळं जिथल्या तिथे थबकतात. त्या खिडकीवर काय चाललंय हे त्यांना दिसतच नाही. माउस एखाद्या जुन्या, एक्सवाल्या प्रोग्रॅमवर नेला, की पुन्हा फिरू लागतात, कारण तो त्यांच्याच खोलीतला. कुठला प्रोग्रॅम नव्या भिंतींत आलाय आणि कुठला अजून जुन्या खोलीत राहतोय, हे ओळखायला मी हीच युक्ती वापरतो. मुलांनाही आवडते.

याचा अर्थ वेलँड घेतलं की यंत्र सुरक्षित झालं, असा मात्र नाही. तुमच्या नावाने चालणारा वाईट प्रोग्रॅम तुमच्या फाइली तरीही वाचू शकतो. कळा ऐकणं आणि पडदा पाहणं, ही दोन दारं बंद झाली, इतकंच.

मीटिंगमध्ये पडदा दाखवता येतो का?

२०२० मध्ये एका ऑनलाइन वर्गात मी पडदा शेअर केला आणि पलीकडून आवाज आला, “सर, काळं दिसतंय.” पाच मिनिटं मी सगळ्यांना नेट तपासायला सांगत होतो. दोष नेटचा नव्हताच. ते मीटिंगचं अ‍ॅप एक्सच्या पद्धतीने पडदा उचलायला गेलं होतं, आणि वेलँडमध्ये तसा उचलायला पडदा नव्हता.

आता यासाठी पोर्टल नावाची सोय आहे. सोसायटीच्या गेटवरचा इंटरकॉम म्हणा. अ‍ॅप पोर्टलला सांगतं की पडदा हवाय. पोर्टल तुम्हाला विचारतं: कुठली खिडकी दाखवू, की अख्खा पडदा? तुम्ही हो म्हणालात, की पाइपवायर नावाची वाहिनी तेवढंच चित्र अ‍ॅपकडे पोचवते. ब्राउझरमधून मीटिंग केली तर हे आज सुरळीत चालतं. वेगळं अ‍ॅप टाकलं असेल तर ते किती अद्ययावत आहे त्यावर अवलंबून. अडलं तर माझा पहिला सल्ला ठरलेला: तीच मीटिंग ब्राउझरमधून उघडा.

मराठी टायपिंगचं काय?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. इनस्क्रिप्ट वापरत असाल, तर काळजीचं कारण नाही. तो निव्वळ कीबोर्डचा आराखडा आहे, कुठल्या कळेवर कुठलं अक्षर एवढंच, आणि वेलँडमध्ये तो जसाच्या तसा चालतो. सेटिंग्जमध्ये मराठी जोडलं की झालं.

रोमन अक्षरांत ‘नमस्कार’ लिहून देवनागरी मिळवणाऱ्यांचं काम जरा नाजूक आहे. तिथे आयबस किंवा एफसीटिक्ससारखा एक मध्यस्थ कळा आधी आपल्याकडे घेतो, शब्द तयार करतो आणि मग प्रोग्रॅमला देतो. म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या कळा ऐकणं आलं, आणि गॅलरी तर बंद. म्हणून हा मध्यस्थ आता कंपोझिटरमार्फत काम करतो. ग्नोममध्ये आयबस आतच जोडलेलं असल्याने वेगळं काही करावं लागत नाही. केडीईत मात्र एक पायरी हमखास राहते. सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या भागात ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ असं पान आहे, तिथे जाऊन आयबस किंवा एफसीटिक्स निवडावं लागतं. पडद्यावरचा कीबोर्ड नकोय म्हणून लोक ते पान उघडतच नाहीत, आणि मग म्हणतात वेलँडवर मराठी उमटत नाही. नाव ठेवणाऱ्याला दंड करायला हवा.

उरलेली अडचण क्रोमच्या इंजिनावर बांधलेल्या काही अ‍ॅप्समध्ये येते. ब्राउझरमध्ये व्यवस्थित देवनागरी येते, पण त्याच इंजिनावरच्या एखाद्या चॅटच्या अ‍ॅपमध्ये ‘कसा आहेस’ रोमनमध्येच पडून राहतं, नाहीतर पर्यायांची यादी शब्दाखाली न उघडता भलत्याच कोपऱ्यात उघडते. नव्या आवृत्त्यांत हे कमी होत चाललंय. तोवर ते अ‍ॅप एक्सवेलँडमध्ये चालवलं की बहुधा सुटतं.

अजून कुठे गळतंय?

सगळ्यात गंभीर बाब अंध वापरकर्त्यांची होती. ऑर्का हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम कॅप्स लॉकसारखी कळ आपल्या आज्ञांसाठी राखून ठेवतो. ती इतर कुणाला कळायच्या आत त्याला कळायला हवी. एक्सवर तो गॅलरीत उभा राहून ऐकायचा, वेलँडने गॅलरीच काढली. ग्नोम ४८ मध्ये, म्हणजे मार्च २०२५ ला, त्याच्यासाठी खास वाट केली. तोपर्यंत फेडोरात वेलँड मुख्य होऊन आठ वर्षं उलटली होती. रॅम्प बांधायच्या आधी लोकांना ताबा देऊन टाकल्यासारखं हे झालं, आणि त्याबद्दल वेलँडवाल्यांवर झालेली टीका मला रास्त वाटते.

दुसरी मंडळी म्हणजे अनेक खिडक्यांत काम करणारी. वेलँडमध्ये प्रोग्रॅमला आपली खिडकी पडद्यावर कुठे आहे हे कळत नाही आणि ती कुठे ठेवायची हे ठरवताही येत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेला कायकॅड हा सर्किट आखायचा प्रोग्रॅम घ्या. त्याच्या लेखकांनी जून २०२५ मध्ये स्पष्ट लिहिलं, की वेलँडवरच्या अशा दोषांची जबाबदारी आम्ही घेत नाही, गंभीर कामाला एक्स वापरा. माउस आणि कळा आपोआप चालवणाऱ्या जुन्या स्क्रिप्टाही वेलँडच्या खिडक्यांपुढे थिट्या पडतात.

आणि काही डेस्कटॉप अजून चाळीतच आहेत. लिनक्स मिंटचं सिनेमन आजही मुख्यतः एक्सवर चालतं, वेलँड तिथे प्रायोगिक. एक्सएफसीईच्या डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ४.२० आवृत्तीतही तसंच. हे वापरणाऱ्यांनी घाईने काही करायची गरज नाही. याउलट रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणारे ऑक्टोबर २०२४ पासून वेलँडवर आहेत, आणि स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्रावर गेम खेळणारेही वेलँडच्याच एका छोट्या कंपोझिटरमधून खेळतात. त्यांतल्या किती जणांना हे माहीत असेल, शंकाच आहे.

मग दातेरी चाकातून काय निवडायचं?

‘वेलँड तयार आहे का’ या प्रश्नावर मी हल्ली वाद घालत नाही. मी विचारतो: तुमचं कुठलं काम गॅलरीतून चालत होतं? एका प्रोग्रॅमने दुसऱ्याचं बघणं, ऐकणं, हलवणं ज्यात येतं, तेवढंच काम तपासून बघा. लिहिणं, वाचणं, हिशोब, सिनेमा यांत तसलं काही नसतं, तिथे वेलँड केव्हाच राहण्याजोगं झालंय. आत्ता तुम्ही कुठे आहात हे बघायचं असेल, तर उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट, मग सिस्टीम डिटेल्स, आणि तिथे ‘विंडोइंग सिस्टीम’पुढचा शब्द वाचा.

काकांची कामं तीन. संस्कृतचा ऑनलाइन वर्ग, ज्यात पडदा दाखवावा लागतो. मराठी पत्रं, जी ते इनस्क्रिप्टने लिहितात. आणि काही बिघडलं तर मी पुण्याहून त्यांचा लॅपटॉप चालवतो. पहिली दोन वेलँडवर लगेच जमली. तिसऱ्यात इंटरकॉम आडवा आला. मी लांबून जोडायला गेलो, की त्यांच्या पडद्यावर परवानगीची चौकट उघडते आणि त्यांनी ‘शेअर’ दाबेपर्यंत मला काहीच दिसत नाही. एक्सवर मी सरळ आत शिरायचो. ते दुपारी झोपलेले असले तरी.

“काका, चौकट आली का? त्यात शेअर दाबा.”

“आली. पण हा मला का विचारतोय? तू तर घरचा आहेस.”